ग्लोरांथाचे पितर : ‘रूनक्वेस्ट’ या भूमिका-खेळातील पूर्वजात्मे आणि शामनी जादू

प्रस्तावना

मृत पूर्वजांशी जिवंत माणसांचे नाते कोणत्या स्वरूपाचे असते, हा धर्माच्या अभ्यासातील जुना प्रश्न होय. एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथात आत्म्यांवरील श्रद्धेला धर्माच्या उगमस्थानी नेऊन ठेवले. पुढे मेयर फोर्टेस यांनी पश्चिम आफ्रिकेतील तालेन्सी समाजाच्या अभ्यासातून पूर्वजपूजेकडे कुटुंबातील वडीलकीच्या अधिकाराच्या अंगाने पाहिले. इगोर कोपिटॉफ यांनी १९७१ मध्ये त्याही पुढे जाऊन, आफ्रिकेतील पूर्वज हे वेगळ्या जातीचे दैवत नसून वडीलधाऱ्यांच्याच रांगेतील पुढची माणसे होत, असे प्रतिपादन केले. या तिघांच्या मांडणीत मतभेद पुष्कळ आहेत; तथापि टायलर यांच्याकडून कोपिटॉफ यांच्याकडे येताना एक दिशा स्पष्ट दिसते. मृत व्यक्ती ही केवळ श्रद्धेचा विषय न राहता नात्यातील एक पक्ष ठरत जाते. तिला काही देणे असते आणि तिच्याकडून काही घेणेही असते.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अनपेक्षित क्षेत्रात, म्हणजे अमेरिकेतील कल्पनारम्य भूमिका-खेळांत, पुन्हा उपस्थित झाला. ‘रूनक्वेस्ट’ हा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. या खेळाने पूर्वजांचे आत्मे आणि त्यांच्याशी संपर्क साधणारा शामन यांना कथेच्या सजावटीपुरते ठेवले नाही. त्यांच्यासाठी नियम तयार केले. मृतांशी असलेले नाते फाशांच्या व आकड्यांच्या भाषेत मांडल्यावर त्या नात्याचे काय होते, मृत हे पूर्वज राहतात की वापरण्याजोगा साठा बनतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भूमिका-खेळाचे स्वरूप आणि ‘रूनक्वेस्ट’ची जडणघडण

भूमिका-खेळात चार-सहा माणसे एकत्र बसून तोंडी कथा रचतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो व उर्वरित सर्व पात्रे सांभाळतो. एखादी कृती यशस्वी झाली की नाही, हे पात्राचे गुणांक आणि फासे यांच्या साह्याने ठरते. या प्रकारातील पहिला मुद्रित व्यावसायिक खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या नियमांत जादूगार मंत्र पाठ करून ठेवत असे आणि एकदा उच्चारल्यावर तो मंत्र त्याच्या स्मृतीतून निघून जात असे. ही कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या लेखनातून आलेली होती. या पद्धतीत जादू ही एक विद्या होती. ती काही थोड्या पात्रांच्याच हाती असे आणि तिचा वापर भात्यातील बाणांसारखा मोजून करावा लागे.

‘रूनक्वेस्ट’ची पार्श्वभूमी वेगळी आहे. ग्रेग स्टॅफर्ड (१९४८-२०१८) यांनी १९६६ मध्ये, बेलॉइट महाविद्यालयात विद्यार्थी असताना, ग्लोरांथा या काल्पनिक जगाविषयी लिहिण्यास प्रारंभ केला. त्या वेळी भूमिका-खेळ हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. त्यामुळे ग्लोरांथा हे खेळासाठी उभारलेले मैदान नव्हते. ती मुळात दंतकथांची रचना होती. १९७५ मध्ये स्टॅफर्ड यांनी केऑसियम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी या जगावर आधारित ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा पटावरील युद्धखेळ काढला. १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन, रे टर्नी आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेल्या नियमांसह ‘रूनक्वेस्ट’ प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९७९ मध्ये आलेल्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ या पुस्तकाने एकेका दैवताच्या पंथाची पुराणकथा, संघटना, दीक्षा, कर्तव्ये व जादू यांची पद्धतशीर मांडणी केली. १९८४ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल या प्रकाशनसंस्थेमार्फत तिसरी आवृत्ती आली, तर २०१८ मध्ये केऑसियमने ‘रूनक्वेस्ट : रोलप्लेइंग इन ग्लोरांथा’ ही नवी आवृत्ती काढली.

प्रॅक्स हा ग्लोरांथातील रुक्ष गवताळ प्रदेश आहे. तेथे बायसन, लामा, इम्पाला, सेबल हरिण अशा प्राण्यांचे कळप घेऊन हिंडणाऱ्या टोळ्या राहतात. पुराणकथेनुसार अन्नाच्या दुर्भिक्षात प्रत्येक मानवी टोळी व तिचा प्राणी यांच्यात स्पर्धा झाली. जिंकणाऱ्याने मांस खावे व हरणाऱ्याने गवत, असा वाहा या दैवताने घालून दिलेला करार होता. टॅपिरसारखे दिसणारे मोरोकान्थ तेवढे माणसांविरुद्ध जिंकले, म्हणून ते आजही माणसांचे कळप पाळतात. प्राणी मारताना त्याचा आत्मा शांतपणे मार्गस्थ व्हावा यासाठी विशिष्ट विधी करण्याचे बंधन या टोळ्यांवर आहे. म्हणजे मारल्या गेलेल्या प्राण्याशीही देण्याघेण्याचा संबंध संपत नाही. शामन आणि पितर यांचे या खेळातील स्थान समजून घेण्यासाठी ही भूमिका ध्यानात घेणे आवश्यक आहे.

‘शामन’ या संज्ञेचा प्रवास

‘शामन’ हा शब्द सैबेरियातील एव्हेंकी, म्हणजे पूर्वी तुंगूस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लोकांच्या भाषेतून युरोपात गेला. निकोलास विट्सेन या डच लेखकाच्या १६९२ मधील ग्रंथात तुंगूस शामनाचे चित्र आढळते. संस्कृत ‘श्रमण’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. परंतु ती व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. सर्गेई शिरोकोगोरोव्ह यांनी १९३५ मध्ये तुंगूस समाजावरील आपल्या बृहद्ग्रंथात शामन म्हणजे आत्म्यांवर प्रभुत्व मिळवलेला मनुष्य, अशी त्याची ओळख करून दिली. मिर्चा एलियाद यांनी १९५१ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केलेल्या व १९६४ मध्ये इंग्रजीत आलेल्या ग्रंथात मात्र आत्म्याचा देहाबाहेरील प्रवास हे शामनाचे मुख्य लक्षण मानले. पृथ्वी, स्वर्ग व पाताळ यांना जोडणारा जगाचा आस ही त्यांची आवडती संकल्पना होती आणि तिच्यासाठी ते ‘अ‍ॅक्सिस मुंडी’ ही लॅटिन संज्ञा वापरीत.

स्टॅफर्ड यांना हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. शामनी साधनेचा त्यांनी स्वतःही अवलंब केला होता आणि ‘शामन्स ड्रम’ या अमेरिकी नियतकालिकाच्या प्रकाशक संस्थेच्या विश्वस्त मंडळावर ते होते. त्यामुळे त्यांच्या खेळातील शामन हा परीकथेतील चेटक्या नाही. मराठीत त्याला ‘मांत्रिक’ म्हणणे सयुक्तिक ठरत नाही, कारण मांत्रिकाची ओळख मंत्राने होते, तर शामनाची ओळख आत्म्यांशी असलेल्या संबंधाने होते. ‘भगत’ हा शब्द अर्थाच्या काहीसा जवळ जातो. तथापि त्यामागे महाराष्ट्रातील आदिवासी समाजांचे स्वतःचे दैवतविश्व आहे. म्हणून ‘शामन’ हीच संज्ञा येथे कायम ठेवली आहे.

आत्मबळाचे मुद्दल आणि व्याज

‘रूनक्वेस्ट’मध्ये प्रत्येक पात्राला शरीरबळ, काटकपणा, आकार, बुद्धी, चपळाई इत्यादी गुणांक असतात. त्यांतील एक गुणांक ‘पॉवर’ हा आहे. तो स्नायूंचा नाही. पात्राचा आत्मा किती बळकट आहे आणि विश्वातील अदृश्य शक्तींशी त्याचा मेळ किती आहे, हे तो दर्शवितो. त्याला मराठीत ‘आत्मबळ’ म्हणता येईल. माणसाच्या बाबतीत तो तीन फाशांच्या बेरजेने ठरतो, म्हणून आरंभी ३ ते १८ यांच्या दरम्यान असतो. शेतकरी असो वा राजा, आत्मबळ प्रत्येकाला असते. म्हणूनच ग्लोरांथात जादू ही मूठभर विद्वानांची मिरासदारी नाही.

या आत्मबळाचा खर्च दोन प्रकारे होतो. सामान्य जादूसाठी लागणारे बळ साधारण एका दिवसाच्या अवधीत भरून येते. देवतेची मोठी जादू मिळवायची असेल, तर मात्र आत्मबळाचा काही भाग कायमचा अर्पण करावा लागतो. सावकारी व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर पहिला खर्च व्याजातून होतो आणि दुसरा मुद्दलातून. गेलेले मुद्दल पुन्हा मिळविण्याचा मार्ग आहे. परंतु तो खात्रीचा नाही. जिच्यात अपयशाची खरी शक्यता आहे अशी आत्म्याची झुंज जिंकल्यानंतरच आत्मबळ वाढण्याची संधी मिळते, आणि आत्मबळ जितके अधिक तितकी ही वाढ दुर्मीळ होत जाते.

१९८४ च्या आवृत्तीत सामान्य जादूला ‘आत्म्यांची जादू’ असे नाव मिळाले आणि ती शिकण्याची रीतही त्यानुसार बदलली. शामन किंवा पुरोहित एका आत्म्याला आवाहन करतो, शिकणाऱ्याला त्या आत्म्याशी झुंजावे लागते आणि झुंज जिंकल्यावरच ती जादू त्याला प्राप्त होते. येथे ज्ञान हा ग्रंथातून उतरवून घेण्याचा मजकूर राहत नाही. ते कोणाकडून तरी मिळवायचे असते, आणि देणाऱ्यालाही इच्छा व बळ असते.

झुंजीचे जुने सूत्र साधे आहे. दोन्ही बाजूंचे बळ समान असेल, तर यशाची शक्यता ५० टक्के; पुढे प्रत्येक गुणाच्या फरकामागे ती ५ टक्क्यांनी वाढते किंवा घटते. १६ बळाचा शामन १३ बळाच्या आत्म्यासमोर उभा राहिला, तर त्याच्या प्रयत्नाला यश येण्याची शक्यता ६५ टक्के असते आणि उलट दिशेने आत्म्याच्या यशाची शक्यता ३५ टक्के. या सूत्रातील महत्त्वाची गोष्ट अशी, की जिवंत मनुष्य व देहहीन आत्मा एकाच मोजपट्टीवर मोजले जातात. तलवारीचा तेथे उपयोग होत नाही.

शामन आणि त्याचा ‘फेच’

शामन होणे म्हणजे बढती मिळणे नव्हे. इच्छुकाला प्रथम एखाद्या शामनाचा साहाय्यक म्हणून राहावे लागते. त्यानंतर आत्मलोकात जाऊन तेथील कसोटीला सामोरे जावे लागते. या कसोटीत ‘बॅड मॅन’ नावाच्या एका भयंकर शक्तीशी त्याची गाठ पडते. जो टिकून परत येतो, त्याच्या आत्म्याचा एक भाग जागा होतो. त्याला ‘फेच’ असे नाव आहे. आयरिश लोकसमजुतीत जिवंत माणसाच्या दिसणाऱ्या प्रतिरूपाला हा शब्द वापरला जातो. खेळातील फेच हा बाहेरून आलेला चाकर नसून शामनाच्याच आत्म्याचे दुसरे अंग असतो. शामनाचा आत्मा देह सोडून प्रवासाला जातो तेव्हा फेच मागे राहून देहाचे रक्षण करतो. शामन आपल्या आत्मबळाचा भाग त्याला देऊन त्याचे बळ वाढवू शकतो.

शिरोकोगोरोव्ह व एलियाद यांनी अधोरेखित केलेली दोन्ही लक्षणे, म्हणजे आत्म्यांवरील प्रभुत्व आणि देहाबाहेरील प्रवास, या एका रचनेत एकत्र आलेली दिसतात. नियमांच्या पातळीवर त्याचा परिणाम असा होतो, की शामनाची प्रत्येक यात्रा धोक्याची ठरते. देह एकीकडे व आत्मा दुसरीकडे अशा स्थितीत त्याला अन्य शक्तींशी बोलणी करावी लागतात. २०१८ च्या आवृत्तीत शामनाला मिळणाऱ्या विशेष क्षमतांबरोबर त्याच्यावर निषेधही येतात. काही गोष्टी त्याने आयुष्यभर टाळावयाच्या असतात. त्यामुळे त्याचे सामर्थ्य आणि त्याच्यावरील बंधन यांची वाढ बरोबरीने होते.

त्याचे सामाजिक कार्यही याच संबंधातून येते. ग्लोरांथात अनेक रोगांचे मूळ रोगात्म्यांत असते व मालिया ही रोगांची देवता मानली जाते. रोग्याच्या देहातील आत्मा पाहणे व त्याच्याशी झुंजणे हे शामनाचे काम. कुटुंबातील पूर्वजाला बोलावणे हेही त्याचेच काम. औषध आणि वंशावळ या आज सर्वस्वी वेगळ्या वाटणाऱ्या दोन बाबी त्याच्या ठिकाणी एकत्र येतात.

डाका फाल : मृतांचा न्यायाधीश

पूर्वजपूजेचा जो पंथ ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये वर्णिला आहे, त्याचे दैवत डाका फाल हे होय. ग्लोरांथाच्या पुराणकथेत आरंभी मृत्यू नव्हता. युर्माल या कपटी देवाने मृत्यू शोधून आणला आणि तो हुमाक्ट या देवाच्या हाती आला. त्याचा पहिला प्रहार मानवजातीच्या मूळ पुरुषावर, ‘ग्रँडफादर मॉर्टल’वर झाला. मरण पावलेला हा पहिला मनुष्यच पुढे मृतांचा न्यायाधीश डाका फाल म्हणून ओळखला जाऊ लागला. देवांच्या युद्धकाळात जिवंत आणि मृत यांची सरमिसळ झाली होती. डाका फालने त्यांना एकमेकांपासून वेगळे केले, हे त्याचे मुख्य कार्य मानले जाते.

भारतीय वाचकाला येथे ऋग्वेदातील यमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्तात यम हा परलोकाचा मार्ग प्रथम शोधणारा आणि पितरांचा राजा म्हणून येतो. पहिला मृत हाच मृतांचा अधिपती, ही कल्पना दोन्हीकडे समान आहे. मात्र साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. साम्याचा उपयोग फरक ओळखण्यासाठी अधिक होतो. वैदिक यम मार्ग दाखवितो, तर डाका फाल सीमारेषा आखतो.

ही सीमारेषा या पंथाच्या सर्व जादूचा आधार आहे. डाका फालचे अनुयायी एखाद्या सामायिक देवतेकडे वर मागत नाहीत. प्रत्येक जण आपल्या रक्ताच्या पूर्वजांना आवाहन करतो. पंथाचे नेतृत्व शामनांकडे असते. पंथाच्या विशेष जादूंत पूर्वजाला बोलावणे, पूर्वजाला देहात संचारू देणे आणि अडकलेल्या भुताला मुक्त करणे यांचा समावेश होतो. आवाहनविधीशी निगडित असलेल्या एका जादूचे नाव तर ‘अ‍ॅक्सिस मुंडी’ असेच आहे. धर्मेतिहासाच्या ग्रंथातील संज्ञा खेळाच्या नियमपुस्तकात शिरल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

या व्यवस्थेतील तर्क असा दिसतो. मृत आणि जिवंत वेगळे झाले नसते, तर भेटीला अर्थच राहिला नसता. सीमारेषा आहे म्हणून ती ओलांडण्यासाठी विधी लागतो, विधीसाठी आत्मबळाचे मुद्दल खर्ची पडते आणि या खर्चामुळे भेटीला मोल येते. वियोग ही या नात्याची पूर्वअट आहे. पूर्वज सदैव हाताशी असते, तर ते पूर्वज राहिले नसते; घरातील आणखी एक साधन झाले असते.

पितर, भूत आणि बांधलेला आत्मा

ग्लोरांथातील सर्व मृत सारखे नसतात. ज्याचा वंश त्याला ओळखतो व योग्य विधीने बोलावतो, तो पूर्वज. जो एखाद्या स्थळी अडकून पडला आहे व ज्याचे पुढे जाणे खोळंबले आहे, ते भूत. अशा भुताला मोकळे करणे हे डाका फालच्या पंथाचे कार्य आहे. हिंदू अंत्यसंस्कारांत प्रेत आणि पितर यांत केला जाणारा भेद येथे उपयुक्त ठरतो. सपिंडीकरणाच्या विधीने प्रेताला पितरांच्या पंक्तीत स्थान मिळते, म्हणजे पितृत्व हे मरणाने आपोआप लाभत नाही, मागे राहिलेल्यांच्या कृतीने ते सिद्ध होते. ग्लोरांथातील नियमांचा रोखही याच दिशेने आहे. पूर्वज व भूत यांतील फरक आत्म्याच्या घटकांत नसून नात्याच्या स्थितीत आहे.

परंतु याच नियमपुस्तकांत एक तिसरा प्रकार आढळतो आणि तेथे खरा पेच निर्माण होतो. आधीच्या आवृत्त्यांत आत्म्याला झुंजीत हरवून एखाद्या प्राण्यात वा वस्तूत बांधून ठेवण्याची सोय होती. बांधलेल्या आत्म्याचे बळ मालकाला स्वतःच्या जादूसाठी वापरता येते. खेळाच्या दृष्टीने हा व्यवहार अत्यंत फायद्याचा आहे. मुद्दल दुसऱ्याचे आणि व्याज आपल्याला, असा हा हिशेब होय. असा आत्मा कोणाचा होता, त्याला मुले होती काय, त्याची काही इच्छा होती काय, हे प्रश्न मग उद्भवत नाहीत. पात्राच्या नोंदपत्रावर फक्त एक आकडा उरतो.

आवाहन आणि बंधन या दोन क्रियांतील अंतर हे या संपूर्ण रचनेचे मर्म आहे. आवाहन केलेला पूर्वज नावाने येतो आणि परत जातो. बांधलेला आत्मा नावाशिवाय राहतो आणि जाऊ शकत नाही. दोन्ही ठिकाणी आत्मबळ मोजण्याचे सूत्र तेच आहे. नैतिक आशय मात्र परस्परविरुद्ध आहे. मोजणीमुळेच आत्म्याचे वस्तूत रूपांतर होते, असे म्हणता येणार नाही. मोजलेल्या आत्म्याला नाव व वंश आहे की नाही, यावर ते अवलंबून असते.

वंशाची नोंद आणि पिढ्यांचा खेळ

स्टॅफर्ड यांच्या पुढील कार्यात या पेचाचे एक उत्तर सापडते. १९८५ मध्ये त्यांनी आर्थर राजाच्या कथाचक्रावर आधारित ‘पेंड्रागन’ हा खेळ सिद्ध केला. त्यात खेळाडू एका सरदाराच्या नव्हे, तर एका घराण्याच्या कथेत सहभागी होतो. सरदार म्हातारा होतो, मरतो आणि त्याचा वारस पुढे येतो. वडिलांनी मिळविलेल्या कीर्तीचा दहावा हिस्सा मुलाला वारसाहक्काने लाभतो. मृत पात्र त्यामुळे खेळातून सर्वस्वी बाद होत नाही. पुढच्या पिढीच्या खात्यावर ते शिल्लक राहते.

२०१८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये हाच विचार पात्रनिर्मितीच्या पहिल्या पायरीवर आला. नवीन पात्र घडविताना खेळाडू प्रथम त्या पात्राच्या आजी-आजोबांपैकी एकाची आणि मग आई-वडिलांपैकी एकाची कहाणी फाशांच्या साह्याने ठरवितो. ते कोणत्या लढाईत होते, कोणाच्या बाजूने लढले, कसे वाचले वा कसे मेले, याची नोंद होते. या घटनांतून पात्राला कुटुंबावरील प्रेम, एखाद्या सत्तेविषयीचा द्वेष अशा तीव्र भावनाही प्राप्त होतात व त्यांनाही गुणांक असतात. खेळाची मुख्य कथा त्यानंतर सुरू होते.

या पद्धतीने डाका फालच्या पंथाला नवा अर्थ मिळतो. आता आवाहन केल्यावर येणारा पूर्वज अनामिक राहत नाही. तो कोणत्या रणांगणावर पडला, हे खेळाडूला ठाऊक असते, कारण ते त्यानेच फासे टाकून पाहिलेले असते. अशा पूर्वजाकडे साह्य मागताना त्याच्या अपूर्ण राहिलेल्या वैराचे वा वचनाचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. पितृऋण ही संकल्पना स्टॅफर्ड यांनी वापरलेली नाही. पण जन्मतःच मागच्यांचे देणे घेऊन येणारा मनुष्य ही जी तिची गाभ्यातील कल्पना आहे, ती येथे नियमाच्या रूपाने उभी राहते.

मर्यादा आणि आक्षेप

या खेळाचे मूल्यमापन करताना दोन आक्षेपांचा विचार आवश्यक आहे.

पहिला आक्षेप अभ्यासपद्धतीचा आहे. एलियाद यांनी निरनिराळ्या खंडांतील प्रथा एकत्र करून एक सार्वत्रिक शामन घडविला, अशी टीका अ‍ॅलिस केहो यांनी २००० मधील आपल्या पुस्तकात केली. रोनाल्ड हटन यांनी २००१ मध्ये सैबेरियाविषयीच्या ग्रंथात पाश्चात्त्य कल्पनाशक्तीने शामनाची प्रतिमा कशी घडविली, याचा मागोवा घेतला. ग्लोरांथातील शामनाच्या आत्मप्रवासात व जगाच्या आसाच्या कल्पनेत हीच सार्वत्रिक प्रतिमा दिसते. सैबेरियाचे पडघम, आयरिश प्रतिरूप आणि लॅटिन संज्ञा एकत्र नांदतात, ते या प्रतिमेमुळेच. अर्थात ग्लोरांथा कोणत्याही प्रत्यक्ष समाजाचे वर्णन असल्याचा दावा करीत नाही, ही त्याची जमेची बाजू होय. वाचकाने वा खेळाडूने ते वर्णन मानले, तर चूक वाचकाची ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या लोकांच्या भाषेतून ‘शामन’ हा शब्द आला, त्यांच्या भूमीत सोव्हिएत राजवटीने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून शामनांविरुद्ध मोहीम चालविली. त्यांचे पडघम जप्त झाले, अनेकांना शिक्षा झाल्या. ज्या काळात शामन अमेरिकेतील नियमपुस्तकांत आकडे घेऊन अवतरला, त्या काळात त्याच्या मूळ प्रदेशात उघडपणे शामन म्हणून जगणे धोक्याचे होते. या वस्तुस्थितीला खेळ जबाबदार नाही. परंतु कल्पित जगात सन्मानाने मिरविणारी प्रतिमा आणि प्रत्यक्ष जगात गप्प केलेली माणसे यांतील अंतर अभ्यासकाने नजरेआड करू नये. बांधलेल्या आत्म्याविषयी जो प्रश्न उपस्थित झाला, तोच येथे समाजांविषयी उपस्थित होतो. ज्यांचे बळ वापरले, त्यांचे नाव घेतले काय?

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘रूनक्वेस्ट’ने जादूला पाठ केलेल्या विद्येच्या चौकटीतून बाहेर काढून संबंधाच्या चौकटीत आणले. आत्मबळ ही सर्व पात्रांना समान मोजपट्टी असल्याने जिवंत व मृत एका व्यवहारातील दोन पक्ष बनले.

२. डाका फालच्या पंथात मृत व जिवंत यांतील सीमारेषा हीच भेटीची अट आहे. आत्मबळाच्या कायमच्या खर्चामुळे ही भेट सहज व स्वस्त होत नाही.

३. आकड्यांत मांडल्यामुळे पूर्वजाचे पूर्वजपण नष्ट होते, हे गृहीतक टिकत नाही. नाव व वंश यांच्यापासून तोडलेला आत्मा मात्र साठा बनतो. आवाहन आणि बंधन यांतील भेद हे याचे प्रमाण होय.

४. पूर्वजांची कहाणी आधी व पात्राची कहाणी नंतर, हा २०१८ च्या आवृत्तीतील क्रम या पेचावरील सर्वांत समर्थ उत्तर आहे.

धर्मशास्त्र, मानववंशशास्त्र वा लोकसाहित्य यांच्या अध्यापनात पूर्वजपूजा बहुधा व्याख्या आणि वर्गीकरण यांच्या साह्याने शिकविली जाते. विद्यार्थ्याला व्याख्या समजते. परंतु मृतांना देणे लागते म्हणजे काय, याची जाणीव तिच्यातून होतेच असे नाही. श्रद्धेचा पुरस्कार न करता आणि तिचा उपहासही न करता तिची अंतर्गत रचना समजावून देणे हे अध्यापकापुढील अवघड काम आहे. नियमांनी बांधलेला खेळ ही रचना उघडी करून दाखवितो. कोणी काय दिले, कोणाला काय मिळाले आणि कोणाचे नाव नोंदले गेले नाही, हे त्यात तपासून पाहता येते. ग्लोरांथातील पितरांचे शैक्षणिक महत्त्व येथे आहे.